अकरा सेंटीमीटर डावीकडे

मी, सुदाम भिवाजी वाघमारे, वय वर्षे सदुसष्ट, मूळ राहणार वरोरा, जिल्हा चंद्रपूर, गेली तेहतीस वर्षे राहणार येना, जर्मनी, निवृत्त लेन्स डिझाइन इंजिनिअर, स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय आणि डोकं ठिकाणावर असताना हे लिहून ठेवतो. डोक्याबद्दलचं विधान माझी पत्नी नंदा हिला मान्य नाही. पण त्यासाठी कायद्याला तिची संमती लागत नाही, म्हणून ते तसंच राहू देतो.

निमित्त असं की येत्या २० मे रोजी, मंगळवारी, माझ्या हृदयाची एक झडप बदलायची आहे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे आमचं रोजचं काम आहे. त्यांचं रोजचं असेल, माझं पहिल्यांदाच आहे.

हे मी हाताने लिहितो आहे, कारण जर्मन कायद्यात टाइप केलेलं मृत्युपत्र चालत नाही. पहिल्या अक्षरापासून सहीपर्यंत सगळं स्वतःच्या हातचं हवं. ही माहिती मला नऊ पानं टाइप करून झाल्यावर मिळाली. साक्षीदार मात्र इथे लागत नाहीत. पण नागपूरला आमचा एक फ्लॅट आहे, आणि आपल्याकडे दोन साक्षीदारांशिवाय मृत्युपत्राला कोणी विचारत नाही. नागपूरचे वकील विलास मेश्राम यांनी फोनवर बजावलं, "दादा, जो साक्षीदार असेल त्याच्या नावाने काही ठेवू नका. उद्या कोणी कोर्टात बोट ठेवायला नको." हा सल्ला वाचणाऱ्याने लक्षात ठेवावा, पुढे कामाला येणार आहे.

माझी मुलगी यामिनी ब्राउनश्वाइगला इंजिनिअर आहे. तिला मराठी सगळं कळतं, वाचता येत नाही, आणि उत्तर ती जर्मनमध्ये देते. तिला हे कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावं लागेल, म्हणून मी बोलतो तसंच लिहितो आहे.

कलम १. नागपूरचा फ्लॅट, येनामधलं राहतं घर आणि बँकेत जे काही असेल ते सगळं नंदाचं. तिने छत्तीस वर्षं माझ्याशी संसार केला. नोकरीत असती तर तिला यापेक्षा चांगलं पेन्शन बसलं असतं.

कलम २. तळघरातली माझी हत्यारं यामिनीला. यात बारीक स्क्रू-ड्रायव्हरचा संच आहे, ज्यातला सर्वांत लहान स्क्रू-ड्रायव्हर तिने दहावीत असताना सायकलची घंटा उघडायला नेला तो परत आला नाही. मी तो विसरलेलो नाही. भिंग आहे, ते मी नोकरीच्या पहिल्या महिन्यापासून वापरलं. ते तिने टेबलावर ठेवावं आणि त्यातून अधूनमधून स्वतःची कामं तपासावीत.

कलम ३. वरच्या मजल्यावरच्या फ्राउ झाइडेल आमच्या फोडणीच्या वासाबद्दल दर दोन महिन्यांनी जिन्यात चिठ्ठी लावतात आणि दर नाताळाला आमच्याकडचं रानडुकराचं सुकं डबा भरून नेतात. त्यांना त्या सुक्याची कृती द्यावी. त्यातला सावजी मसाला गाळून द्यावी. डबे परत मागावेत, तीन आहेत.

कलम ४. हिरवा, जाड लोकरीचा लोडनचा कोट कोणालाही द्या. मला तो नेहमीच मोठा होता, पण लोथारने निवडला म्हणून घातला.

आता लोथार कोण ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्याभोवती आहे.

कलम ५. तीस-शून्य-सहा बोअरची माझी शिकारीची रायफल, तिच्यावरच्या दुर्बिणीसह, हेर, म्हणजे श्रीयुत, लोथार ब्राउटिगाम यांना. माझ्यामागे ती नंदाकडे किंवा यामिनीकडे राहिली तर नळीला कुलूप ठोकून घ्यावं लागतं आणि दहा कागद रंगवावे लागतात. लोथारकडे शिकारीचा परवाना आहे, त्याच्याकडे ती मोकळी राहील.

वीस वर्षांपूर्वी मी शिकारीच्या दुर्बिणींच्या लेन्स आखत होतो. एका मीटिंगमध्ये आमचे साहेब म्हणाले, "वाघमारे, या दुर्बिणीतून तुम्ही भिंतीवरच्या तक्त्याशिवाय कधी काही पाहिलंय का?" मला राग आला. दुसऱ्या दिवशी जाऊन मी शिकारीच्या परवान्याच्या कोर्सला नाव घातलं. दर शनिवारी वर्ग, आणि गोळ्यांचा धडा शिकवायला लोथार. त्याने आडनावाचा अर्थ विचारला, मी सांगितला, आणि तेव्हापासून मी त्या सगळ्या मंडळींचा 'टीगर', म्हणजे वाघ, झालो. चंद्रपूर जिल्ह्यात जन्म घेऊन मी वाघ पाहिला तो फक्त एसटीच्या खिडकीतून, आणि तोही बहुधा बैल असावा.

लोथारचा धडा अजून तोंडपाठ आहे. खोकल्याच्या गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत त्याने झाडलेल्या गोळ्या जपून ठेवलेल्या असत. पाण्याने भरलेले कॅन ओळीने मांडून त्यात मारायच्या, मग गोळी काय झाली ते बघायचं. काही फुटून चुरा झालेल्या, काही जशा गेल्या तशाच कोऱ्या बाहेर आलेल्या, आणि काही तोंडाशी पाकळ्या उमललेल्या. तो सांगायचा, भेकराएवढ्या लहान हरणाला मऊ गोळी चालते. तीच गोळी सांबराएवढ्या मोठ्या लाल हरणाच्या खांद्यावर आदळली तर वरच्या वर फुटते, आणि जनावर जखमी होऊन पळतं. फार कडक गोळी घेतली तर ती न उमलताच आरपार जाते, तरी जनावर पळतं. मोठ्या जनावराला गोळी अशी हवी की आत उमलेल, पण तुटणार नाही, आणि दुसऱ्या बाजूने बाहेर पडेल, म्हणजे कुत्र्याला माग तरी मिळेल.

नंदाला हे अर्थातच पसंत नव्हतं. "रोज सकाळी पहिलं शील घ्यायचं, प्राणिहत्या करणार नाही म्हणायचं, आणि फ्रीझरमध्ये रानडुक्कर कोंबायचं. अहो, बुद्धाला जर्मन कळत नाही असं वाटतं का तुम्हाला?"

मी तिला लोथारचं उत्तर ऐकवायचो. या जंगलांत हरणं मोजून कमी करावीच लागतात, नाहीतर एक रोप उभं राहत नाही. मग मारायचंच, तर जनावराला कळायच्या आत. योग्य गोळी हीच त्यातली दया. मला ते मनापासून पटलं होतं. म्हणून मी गोळी निवडायला एकेकदा तीन तीन महिने लावत असे. वजन, वेग, आतला धातू, तक्ते, आलेख. नंदा म्हणाली, "लग्नाची साडी मी वीस मिनिटांत घेतली होती." मी म्हणालो, साडीला आरपार जायचं नसतं.

तेरा वर्षं मी लोथारबरोबर मचाणावर बसलो. आम्ही 'डू'वर आलो होतो. ज्यांना जर्मन येत नाही त्यांच्यासाठी: 'झी' म्हणजे अहो, 'डू' म्हणजे अरे, आणि एकदा अरेवर आलं की परत अहोवर जायचं नसतं असा इथला रिवाज आहे. इथल्या मराठी मंडळाच्या बाहेर माझा एवढाच एक मित्र होता.

कलम ६. हे कलम नव्हे, कबुली आहे. मृत्युपत्रात ती कुठे घालायची ते विलासला विचारायचं धाडस झालं नाही.

२०१८ साली आमच्या जंगलाच्या मालकांनी शिशाच्या गोळ्या बंद केल्या. लोथारने मला तांब्याची गोळी सुचवली, साडेदहा ग्रॅमची. आणि बजावलं, "आल्झो, टीगर. नवी गोळी म्हणजे नवी बंदूक समज. आधी रेंजवर जा, कागदावर दहा मार, दुर्बीण लावून घे, मग जंगलात ये."

मी गेलो नाही. मी लेन्सवाला. ती दुर्बीण आमच्या कंपनीची, तिच्यातली पहिली काच मी आखलेली. मी घरी बसून गणित केलं. गोळी हलकी, वेग जास्त, म्हणजे इतकी वर लागेल. दुर्बिणीचा स्क्रू चार खटके खाली फिरवला आणि चहा प्यायलो. लोथारने विचारलं, "मारून पाहिल्यास ना?" मी म्हणालो, "जा, जा. सगळ्या." 'जा' म्हणजे हो. तोंडातून निघून गेलं. इतकी वर्षं इथे काढून मी खोटं बोललो ते नेमकं जर्मन माणसाशी आणि नेमकं तपासणीबद्दल. इथे याहून मोठा गुन्हा शोधून सापडणार नाही.

ऑक्टोबरात एक मोठा नर समोर आला, उजवीकडे तोंड करून, एकशे सत्तर मीटरवर. मी खांद्यामागे नेम धरला. गोळी पोटात लागली. तो पळाला. अंधार पडत होता, म्हणून नियमाप्रमाणे सकाळपर्यंत थांबलो. सकाळी लोथार आणि त्याची कुत्री आस्ता माग काढत निघाली. दोन किलोमीटरवर, ओढ्याकाठी, तो नर सापडला. जिवंत होता. मान वर करून आमच्याकडे बघत होता. शेवटची गोळी लोथारने घातली. मी काहीच केलं नाही, नुसता उभा राहिलो. चौदा तास त्या जनावराने माझ्या गणितापायी काढले. पहिलं शील मी त्या दिवशी मोडलं, त्याआधी कधीच नाही असं मी आजही मानतो.

त्यानंतर जंगलातल्या खोपटात सगळे शिकारी जमले होते. कोणीतरी विचारलं, काय झालं रे. आणि मी म्हणालो, "गोळी उघडलीच नाही. तांबं फार कडक आहे." सगळ्यांनी लोथारकडे पाहिलं. गोळी त्याने सुचवलेली. तो आस्ताला पाणी पाजत राहिला.

तीन आठवड्यांनी मी गुपचूप एकटा रेंजवर गेलो. शंभर मीटरवर तीन गोळ्या मारल्या. उंची अगदी बरोबर, गेनाऊ! माझं गणित मिलिमीटरला खरं ठरलं. फक्त तिन्ही गोळ्या अकरा सेंटीमीटर डावीकडे. नवी गोळी नळीला वेगळा हिसका देते, ते गणितात येत नाही, ते कागदावर मारूनच कळतं. लोथार तेच तर सांगत होता. उजवीकडे तोंड केलेल्या जनावराला डावीकडे म्हणजे मागे, पोटात.

मी तो कागद घडी करून आणला आणि टेबलाच्या खणात, विम्याच्या कागदांखाली ठेवला. तिथे नंदा हात लावत नाही असं मला वाटत होतं.

नाताळापूर्वी लोथारने शिकवणं सोडलं. बावीस वर्षांचा वर्ग. कोर्सची पोरं मागून 'लोथारची कडक गोळी' म्हणून हसायची, ते त्याने ऐकलं होतं. नव्या मास्तरांच्या धड्यात आता आहे की मोठ्या हरणाला तांबं चालत नाही, येनामध्ये असं एकदा झालेलं आहे. आणि लोथार मला पुन्हा 'झी' म्हणायला लागला. रस्त्यात, बाजारात, टोपीला हात लावून, "नमस्कार, हेर वाघमारे." त्या एका माणसाने माझ्यासाठी रिवाज मोडला.

मी साडेसहा वर्षं गप्प राहिलो. दर वर्षी म्हणायचो, आता फार उशीर झाला. म्हणून ही रायफल त्याला. बरोबर तो कागदही द्यावा. माझ्यामागे त्याला सगळं कळेल.

इथपर्यंत रविवारी, ११ तारखेला लिहिलं. पुढचं आज लिहितो.

कलम ७. सोमवारी बुद्धपौर्णिमा होती. वंदना झाली, खीर झाली, आणि मी दुपारी झोपलो असताना नंदाने हे सगळं वाचलं. ती माझे सगळे कागद वाचते. विम्याखालचा कागदही तिने सहा वर्षांपूर्वीच पाहिला होता, फक्त त्यावरची भोकं कशाची ते तिला त्या दिवशी कळलं.

उठलो तर ती समोर बसलेली. म्हणाली, "अहो, मेल्यावर माफी मागणार? मग त्या माणसाने उत्तर कोणाला द्यायचं? तुमच्या फोटोला?"

मी म्हणालो, ऑपरेशनच्या आधी मनाला त्रास नको, डॉक्टरांनी सांगितलंय.

"त्रास तुम्हाला की त्याला?"

नंदाचं बरोबर होतं. हे वाक्य मी अगदी क्वचित लिहितो, यामिनीने नोंद घ्यावी.

मग तिने फोन उचलला आणि तिच्या तोडक्यामोडक्या जर्मनमध्ये सरळ लोथारला सांगितलं की माझ्या नवऱ्याच्या मृत्युपत्राला साक्षीदार हवा आहे, बुधवारी चारला या, केक आहे. मला वाटलं, ठीक आहे. साक्षीदाराने फक्त सही होताना बघायची असते, आतलं वाचायचं नसतं. दुसरी साक्षीदार आमची शुभा, इथल्या संस्थेत प्रकाशावर संशोधन करते, नंदाची लोणच्यापुरती मुलगीच आहे. विलासच्या सल्ल्यामुळे तिला या मृत्युपत्रात काही मिळणार नाही, तरी तिने लिंबाची बरणी आत्ताच न्यावी.

बुधवारी चारला दोन मिनिटं कमी असताना लोथार आला. पंच्याहत्तरीचा झालाय, गुडघा धरून बसला. केक खाल्ला. मी सही करायला पेन उचललं तर म्हणाला, "नाइन, नाही, हेर वाघमारे. जे मला वाचता येत नाही त्याच्याखाली मी नाव घालत नाही." मी कायदा सांगितला. तो म्हणाला, कायदा कायद्याच्या जागी.

नंदा शुभाला म्हणाली, "वाच गं. जर्मनमध्ये. सगळं."

मी संडासात जाऊन बसायचा विचार केला, पण नंदा दाराच्या बाजूला बसली होती. शुभाने वाचलं. फ्राउ झाइडेलच्या कलमाला लोथार हसला. रायफलीच्या कलमाला त्याने बशी बाजूला सारली. सहावं कलम संपेपर्यंत शुभाचा आवाज बारीक होत गेला. माझं हृदय त्या वेळी जे करत होतं त्याला नव्या झडपेची खरंच गरज आहे.

लोथारने हात पुढे केला. मग म्हणाला, "कागद."

नंदाने खणातून आणून दिला. त्याने घडी उलगडली, टेबलावर सपाट केली, चष्मा लावला. मधल्या काळ्या ठिपक्याकडे त्याने पाहिलंच नाही. डावीकडच्या तीन भोकांकडे पाहिलं. खिशातून दोन युरोचं नाणं काढलं आणि भोकांवर ठेवलं. तिन्ही झाकली गेली. नाणं उचललं, परत ठेवलं. मला माझीच लाज वाटली. इतक्या वर्षांत मी त्या कागदात फक्त माझी चूक बघत होतो. तिन्ही गोळ्या एका जागी लागल्या होत्या, म्हणजे खोट गोळीत नव्हती, हे बघायला मला सुचलं नव्हतं.

मी म्हणालो, "लोथार, माझं चुकलं. मी खोटं बोललो. दोनदा."

तो म्हणाला, "मला माहीत होतं की तुम्ही रेंजवर गेला नव्हता. रेंजच्या वहीत नाव नव्हतं. मी वाट बघत होतो."

साडेसहा वर्षं. आणि मी म्हणत होतो उशीर झाला.

मग त्याने अट घातली. सही इथे नाही. शनिवारी दहा वाजता कोर्सचा गोळ्यांचा वर्ग आहे. तिथे यायचं, सगळ्यांसमोर सांगायचं, मग सही. यामिनीला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "एंडलीश, पापा." म्हणजे, एकदाचं. आईला फितूर आहे ती.

कलम ८. आज शनिवार. आत्ता हे मी वर्गाच्या मागच्या बाकावर बसून लिहितो आहे. चौदा विद्यार्थी, नवे मास्तर, नंदा, शुभा. मी फळ्याशी उभा राहिलो आणि सांगितलं. हरणाचंही सांगितलं, चौदा तासांचं. कोणी हसलं नाही. नवे मास्तर लाल झाले, पण त्यांनी तो कागद मागून घेतला आणि फळ्यावर चिकटवला. एका मुलीने विचारलं, "मग मोठ्या हरणाला योग्य गोळी कोणती?" मी तोंड उघडणार तोच मागून लोथारचा आवाज आला, "जी तुमच्याच बंदुकीतून कागदावर मारून पाहिली आहे ती. बाकी सगळं नंतर." नव्या मास्तरांनी त्याला खडू दिला. तो नको नको म्हणाला, आणि चाळीस मिनिटं बोलला. पत्र्याची डबी त्याच्या खिशातच होती.

कलम ९. कलम ५ रद्द. साक्षीदाराला वाटा ठेवायचा नाही हा विलासचा सल्ला मी लोथारला सांगितला, आणि म्हणालो, सही किंवा रायफल, एकच मिळेल. तो म्हणाला, "मला तुझी बंदूक नको. तुझी तुलाच लागेल. ऑक्टोबरात मचाणावर ये. आधी रेंजवर, मी बाजूला उभा राहणार, वहीत नाव लिहिणार." हे सगळं तो 'डू'मध्ये बोलला. शुभाला मी दोनदा विचारून खात्री करून घेतली.

त्यामुळे रायफल माझ्याकडेच राहील आणि मंगळवारी मला परत यावं लागेल. एवढं करूनही नाही आलोच, तर ती नंदाने त्याच्याकडे ढकलावी. तिला ढकलायला येतं.

वर लिहिलेलं सारं माझ्या मनातलं आणि माझ्या हातचं आहे. खाडाखोड तीन ठिकाणी आहे, तीही माझीच.

स्थळ: येना, शिकार-परवाना कोर्सची खोली
दिनांक: १७ मे २०२५

सही: सुदाम भिवाजी वाघमारे

साक्षीदार:

१. सही माझ्यासमोर झाली. लोणच्याची बरणी मिळाली. शुभा पाटणकर

२. (जर्मनमध्ये लिहिलेलं, शुभाच्या सांगण्यावरून मराठीत खाली उतरवलं आहे.) सही माझ्यासमोर झाली. गोळी बरोबर होती. लोथार ब्राउटिगाम